आवाज वेगळा, वाचणारा वेगळा: अंध माणसाच्या कॉम्प्युटरला मराठी बोलायला कसं लावायचं

परवा जिंतूर तालुक्यातून एका ताईचा फोन आला. तिच्या भावाची नजर काचबिंदूनं गेलीय, पोरगं बीएच्या दुसऱ्या वर्षाला, घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून लॅपटॉप घेऊन दिला, कुणीतरी त्यात स्क्रीन रीडर टाकून दिला आणि आता ताई म्हणते, "दादा, इंग्रजी तेवढं बोलतंय, मराठी आलं की मुकं होतंय, सॉफ्टवेअर खराब निघालं का?" सॉफ्टवेअर ठणठणीत होतं, त्याला मराठी गळा तेवढा दिलेला नव्हता. असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात म्हणून म्हणलं एकदा नीट बसून लिहावंच. मी स्वतः अंध आहे, परभणीत राहतो, बारा-तेरा वर्षं झाली कॉम्प्युटर कानानंच वापरायलोय, हे लिहिणंसुद्धा ऐकत ऐकतच चाललंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडं श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागते तेव्हा दोन माणसं असतात ना, एकजण पोथीवर बोट ठेवून ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, तसंच इथंबी दोन जण आहेत, फक्त कामाची वाटणी जरा वेगळी. एक आहे स्क्रीन रीडर. तो स्क्रीनवर बोट ठेवून बसलेला असतो, आत्ता कर्सर कुठंय, हे बटन आहे का लिंक आहे, ही ओळ संपली का, मेनू उघडला का, हे सगळं त्याला कळतं, पण त्याला तोंड नाही. दुसरा आहे स्पीच सिंथेसायझर, म्हणजे नुसता गळा. त्याला स्क्रीनबिन काही माहीत नाही, त्याच्या हातात जो मजकूर दिला तो तो म्हणून दाखवतो, बास. स्क्रीन रीडर म्हणतो "हे वाच", गळा वाचतो. त्यामुळं काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, चूक बोट ठेवणाऱ्याची आहे, गळ्याची आहे, का पोथीच भलत्या लिपीत लिहिलेली आहे? ताईच्या भावाच्या लॅपटॉपवर बोट बरोबर होतं, गळा इंग्रजी होता. बहुतेक इंग्रजी आवाजांपुढं देवनागरी आली की ते सरळ गप्प बसतात, "मला येत नाही" एवढंसुद्धा म्हणत नाहीत, म्हणून समोरच्याला वाटतं मशीन बंद पडलं.

स्क्रीन रीडर कोणता घ्यायचा? विंडोजच्या कॉम्प्युटरवर माझं उत्तर ठरलेलं आहे, एनव्हीडीए. तो फुकट आहे, आणि फुकट म्हणजे चोरून टाकलेला नव्हे, खरंच सगळ्यांसाठी मोकळा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, नंतर जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला, आणि त्यामागचा विचार असा की डोळस माणसाला स्क्रीन बघायला जास्तीचे पैसे लागत नाहीत तर अंधानं का द्यावेत. त्याच्या आधीपासून जॉज नावाचा स्क्रीन रीडर आहे, १९८९ पासूनचा, टेड हेंटर या माणसानं काढलेला, जो आधी मोटरसायकल रेसर होता आणि अपघातात नजर गेल्यावर प्रोग्रामिंगकडं वळला. जॉज दमदार आहे, बऱ्याच ऑफिसात तोच चालतो, पण त्याला चांगले पैसे पडतात. घरच्या वापराला, अभ्यासाला, नोकरीच्या तयारीला एनव्हीडीए पुरून उरतो. विंडोजमध्ये आधीपासून नॅरेटर पण असतोच, कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की तो बोलायला लागतो, आणि त्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे त्याच्या मदतीनं अंध माणूस स्वतः एनव्हीडीए डाऊनलोड करून टाकू शकतो, कुणाची वाट बघायची गरज नाही.

आता गळा. हा भाग जरा निवांत सांगतो कारण सगळ्यात जास्त चुकीचा निर्णय इथंच होतो.

लहानपणी आमच्याकडं टँकर आला की घागरी भरायचं काम माझ्याकडं असायचं. मला पाणी दिसायचं नाही पण घागर कुठवर भरली ते आवाजावरून कळायचं, रिकामी असताना आवाज जाड, घुमणारा, आणि पाणी वर चढलं की बारीक बारीक होत जायचा, गळ्याशी आलं की नळी बाजूला. आतली हवेची जागा बदलली की घुमणं बदलतं, एवढीच गंमत आहे. माणसाचं तोंडबी तसंच आहे, आपण आ म्हणतो, ई म्हणतो, ऊ म्हणतो तेव्हा घशातून निघणारा मूळ आवाज तोच असतो, जीभ आणि ओठ हलवून आपण आतली पोकळी बदलतो आणि घुमणं बदललं की स्वर बदलतो. या घुमण्याला फॉर्मंट म्हणतात. ईस्पीक एनजी नावाचा जो सिंथेसायझर एनव्हीडीएसोबत आपोआप येतो तो हेच घुमणं गणितानं तयार करतो, त्यात मुख्यतः कुणा माणसाचं रेकॉर्डिंग नाहीच. जोनाथन डडिंग्टन यानं १९९५ मध्ये एकॉर्न नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या प्रोग्रामपासून तो वाढत आला, म्हणून तो आकारानं इवलासा आहे, शंभरावर भाषा बोलतो, मराठी पण बोलतो, जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालतो आणि त्याला नेट लागत नाही. आणि म्हणूनच तो डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या जातीचे आवाज म्हणजे खऱ्या माणसाला स्टुडिओत बसवून कितीतरी तास वाचून घेतात, मग त्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून किंवा अलीकडं न्यूरल नेटवर्कला ते शिकवून आवाज काढतात. ऐकायला गोड, एकदम बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

घरचे लोक काय करतात, गोड आवाज शोधत बसतात. "हा रोबोट कशाला, पोराचं डोकं दुखंल." मला त्यांची माया कळते, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, बटन दाबलं की आवाज लगेच आला पाहिजे. मी खाली बाण दाबतो, ओळ ऐकतो, नको असली तर अर्ध्या शब्दातच पुढचा बाण दाबतो, असं दिवसातून हजारो वेळा होतं, आणि प्रत्येक वेळी अर्धा सेकंद जरी उशीर झाला तरी काम म्हणजे चिखलात चालल्यासारखं होतं. ईस्पीक तात्काळ बोलतो, जड आवाज बऱ्याचदा विचार करून बोलल्यासारखे येतात. दुसरं म्हणजे स्पीड. सवय झाल्यावर अंध माणूस ज्या वेगानं ऐकतो तो डोळस माणसाला नुसता किरकिराट वाटतो, आणि त्या वेगाला गोड आवाज फाटतात पण गणिताचा आवाज स्वच्छ राहतो कारण वेग वाढवला तरी त्याचे स्वर जिथल्या तिथं असतात. माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला ईस्पीक, आणि कादंबरी, लांबलचक लेख, निवांत ऐकायचं असेल तेव्हा गोड आवाज. पहिला आठवडा ईस्पीक टोचतो, खरंय. पंधरा दिवसांनी आवाज ऐकू येणं बंद होतं आणि नुसता मजकूर ऐकू येतो.

आता प्रत्यक्ष बसूया. एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेसच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवा, चालू केला की तो स्वतःच बोलायला लागतो. सुरुवातीला जी खिडकी येते तिथं कॅप्सलॉक एनव्हीडीए की म्हणून, म्हणजे एनव्हीडीएला हुकूम देताना दाबून धरायचं बटन म्हणून, वापरायचं का असं विचारतो, तिथं हो करा, विशेषतः लॅपटॉपवर, कारण तिथं इन्सर्ट बटन कुठं कोपऱ्यात असतं नाहीतर नसतंच. तिथंच लॅपटॉप लेआऊट निवडा. लॉगिननंतर आपोआप चालू व्हावा यालाही टिक करा. इथून पुढं मी एनव्हीडीए की म्हणलं की कॅप्सलॉक किंवा इन्सर्ट समजा.

एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस दाबलं की सिंथेसायझरची यादी येते, त्यात ईस्पीक एनजी घ्या. मग एनव्हीडीए की, कंट्रोल आणि व्ही दाबा, आवाजाच्या सेटिंगची खिडकी उघडेल, त्यात व्हॉइसच्या यादीत मराठी शोधा. झालं, मुक्या मशीनला मराठी आली. ईस्पीकचा मराठी आवाज मध्येच इंग्रजी शब्द आला तरी वाचून टाकतो, उच्चार आपल्या मास्तरांसारखा नसंल पण कळतं. त्याच खिडकीत रेट म्हणजे वेग आहे, नवीन माणसाला तो ३० च्या आसपास ठेवा आणि आठवड्याला थोडाथोडा वाढवा. व्हेरियंट म्हणून एक यादी आहे, त्यात आवाजाचा पोत बदलतो, जाड, बारीक, बाईचा, आणि ही निवड ज्याच्या कानाला ऐकायचंय त्यालाच करू द्या, तुम्ही बाजूला बसा.

इथं एक टिक आहे जिच्यानं लई लोक फसतात, ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग. प्रत्येक वेबपेजवर आतल्या बाजूला एक पाटी असते की हे पान अमुक भाषेत आहे. स्क्रीन रीडर ती पाटी बघून गळा बदलतो. कल्पना चांगली, पण आपल्याकडं कितीतरी मराठी साइट बनवणाऱ्यांनी पाटी इंग्रजीचीच ठेवलेली असते, मग पान मराठी, पाटी इंग्रजी, आणि एनव्हीडीए बिचारा पाटीवर विश्वास ठेवून इंग्रजी गळा लावतो. बातमीची साइट विचित्र वाचायला लागली आणि वर्डमधलं मराठी मात्र नीट वाचतोय, असं दिसलं की ही टिक काढून बघा. साइट बनवणारं कुणी हे वाचत असलं तर त्यांना हात जोडून सांगणं आहे, ती पाटी मराठीची करा, एका शब्दाचं काम आहे.

आणि सेटिंग झाली की एनव्हीडीए की, कंट्रोल आणि सी दाबून सेव्ह करा. एरवी तो बंद होताना आपोआप सेव्ह करतो, पण नीट बंद झाला तर. आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, डेस्कटॉप धाडकन बंद झाला की तासभर केलेली सेटिंग गेली.

मराठी गळा लावला तरी उच्चार शंभर टक्के बरोबर येतील असं समजू नका, आणि यात दोष कुणाच्या आळसाचा नाही, आपली लिपी आणि आपली जीभ यांच्यात जे अंतर आहे त्याचा आहे. आपलंच गाव घ्या. लिहितो प-र-भ-णी, पूर्ण र, आणि म्हणतो पर्भणी. उदगीरचं उद्गीर म्हणतो. कुठला अ गिळायचा ते आपल्याला आईनं शिकवलं, सिंथेसायझरला नियमांनी शिकवावं लागतं आणि नियम प्रत्येक नावाला पुरत नाहीत. त्याहून अवघड च आणि ज. "चार वाजता जनावराला चारा टाक" या वाक्यात चारमधला च वेगळा आणि चाऱ्यातला च वेगळा, अक्षर मात्र एकच. "जग" तर लिहिलं एकसारखं, दुनिया म्हणायची असली तर एक उच्चार आणि "शंभर वर्षं जग" म्हणायचं असलं तर दुसरा. मशीननं अर्थ समजल्याशिवाय हे कसं ओळखावं? काहीजण मराठीऐवजी हिंदी आवाज लावून देतात, विंडोजमध्ये हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज मिळतात म्हणून, आणि ते वाचतातही देवनागरी, पण केलं, गेलं, झालं यातला आपला अनुस्वार नुसता लांबवायचा असतो तो हिंदी वळणानं नाकात जातो, ळ आणि ऱ्य त्या वळणात बसत नाहीत. एखाद्या दिवसापुरतं ठीक. शाळेतल्या लेकराला मात्र असा आवाज देऊ नका, ते भाषा कानानंच शिकायलंय.

चुकीच्या उच्चारावर एक घरगुती इलाज आहे, स्पीच डिक्शनरी. एनव्हीडीए की आणि एन दाबून मेनू उघडा, प्रेफरन्सेसमध्ये ती सापडेल. तिथं "जि.प." दिसलं की "जिल्हा परिषद" म्हण असं सांगता येतं, गावाचं नाव चुकत असलं तर ते जसं कानाला ऐकू येतं तसं लिहून टाकता येतं. फक्त छोटी अक्षरं टाकताना जपा. "ता." म्हणजे तालुका अशी नोंद केली तर "तो आला होता." याचं "तो आला होतालुका" होतं, कारण होता आणि पूर्णविराम मिळूनही "ता." तयार होतो. लांब शब्द टाका, छोटे सोडून द्या, कान सवयीनं समजून घेतो.

आता पोथीच भलत्या लिपीत असते त्याचं. बोट बरोबर, गळा मराठी, आणि तरी मशीन म्हणतंय "एच के के जे आर". हे ऐकलं की मी ओळखतो, मजकुरात कृतिदेवसारखा जुना फॉन्ट आहे. या फॉन्टमध्ये डोळ्यांना "भारत" दिसतं पण फाईलच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, फॉन्टनं फक्त त्यांना देवनागरीचे कपडे घातलेत. स्क्रीन रीडरला कपडे दिसत नाहीत, त्याला पोटातलंच वाचता येतं. श्रीलिपी, शिवाजी हे जुने फॉन्ट पण याच जातीचे. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, भ म्हणजे भच, आणि देवनागरी तर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे. तरी अजून प्रश्नपत्रिका, नोटिसा, लग्नपत्रिका जुन्या फॉन्टात टाईप होतात. ओळखायची सोपी खूण, मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, इंग्रजी अक्षरांचा काला दिसला की जुना फॉन्ट. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून युनिकोड करून घ्या. स्कॅन केलेली पीडीएफ असली तर तो नुसता फोटो, त्यात अक्षर नाहीच, तिथं ओसीआर लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट नावाच्या फुकट ओसीआरला मराठी येतं, मोबाईलवर गुगल लेन्सनं पण बऱ्यापैकी काम होतं.

मला दहावी झाल्यावर एका क्लासच्या नोट्स अशाच जुन्या फॉन्टात मिळाल्या होत्या. मी तीन दिवस "एच के के" ऐकत बसलो, मला वाटलं मलाच सॉफ्टवेअर वापरता येत नाही. कुणी सांगायला नव्हतं. म्हणून हा परिच्छेद मी सगळ्यांना वाचायला सांगतो, घरात कुणी अंध नसलं तरी. मोंढ्यातला आजचा तुरीचा भाव ग्रुपवर फोटो काढून टाकण्यापेक्षा दोन ओळी टाईप करून टाकल्या तर तुमच्या गावातला एखादा अंध शेतकरी तो स्वतः ऐकू शकतो, पोराला "वाचून दाखव रे" म्हणावं लागत नाही.

मोबाईलचं थोडक्यात, कारण तत्त्व तेच. अँड्रॉइडवर बोट ठेवणारा म्हणजे टॉकबॅक, गळा म्हणजे गुगलचं टेक्स्ट टू स्पीच, त्यात चांगला मराठी आवाज आहे. सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीच शोधा, भाषा मराठी करा आणि मराठीचा व्हॉइस डेटा वायफायवर एकदा उतरवून ठेवा म्हणजे रानात रेंज नसली तरी फोन बोलतो. टॉकबॅक चालू करायच्या आधी घरच्यांनी एवढं शिकून घ्या की एकदा टेकवलं की नुसतं वाचतो, दोनदा पटपट टेकवलं की उघडतो, नाहीतर घाबरून लगेच बंद करतात. अँड्रॉइडवर न बघता फोन वापरता यावा म्हणून सुरुवातीच्या काळात ज्यांनी काम केलं त्यात टी. व्ही. रामन आहेत, पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं नजर गेलेले. ताईच्या भावाला मी हे मुद्दाम सांगितलं.

शिकताना काय शिकवायचं? पहिल्या दिवशी फक्त दोन. कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं, हे आधी, कारण थांबवता आलं की भीती जाते. आणि एनव्हीडीए की आणि १, म्हणजे इनपुट हेल्प, त्यात कुठलंही बटन दाबा, काही बिघडत नाही, मशीन फक्त सांगतं की हे कुठलं बटन आणि काय करतं. दोन दिवस नुसतं कीबोर्डवर हात फिरवू द्या. एफ आणि जे वर बारीक उंचवटा असतो, बोटं तिथं टेकवायची. मराठी टायपिंगला मी इनस्क्रिप्ट सांगतो, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, न बघता शिकायला याहून सोपी मांडणी मला सापडली नाही. पुढं वेबवर एच दाबून मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, के दाबून लिंकवरून लिंकवर, ते कळलं की माणूस स्वतःच सुटतो.

हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथ बऱ्याचदा मधल्या शांततेत झोपी जातो आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द खातो, आणि "डिलीट करायचं नाही" यातला पहिला शब्द गेला काय आणि शेवटचा गेला काय, नुकसान व्हायचं ते होतंच. एक कान मोकळा ठेवायचा म्हणजे घरातलं कुणी हाक मारली तर ऐकू येतं.

अचानक आवाज गेला तर घाबरायचं नाही. आधी मशीनला हात लावा, पंखा फिरतोय का, गरम आहे का, का लाईटच गेलीय. मग एनव्हीडीए की आणि एस, कारण चुकून ते दाबलं गेलं की बोलणं बंद होऊन टुकटुक आवाज येतात किंवा तेही बंद होतं, बोलणं परत येईपर्यंत दाबत राहा. नाहीच आलं तर कंट्रोल, आल्ट आणि एन, एनव्हीडीए नव्यानं चालू होतो. दहात नऊ वेळा एवढ्यात काम होतं.

शेवटची एक सेटिंग, जी सगळ्यांची राहून जाते. लॉगिनच्या आधी पासवर्डची जी स्क्रीन येते तिथं एनव्हीडीए वेगळ्या सेटिंगनं चालतो, तुम्ही लावलेला मराठी आवाज, वेग तिथं आपोआप जात नाही. जनरल सेटिंगमध्ये साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरायचा अशी टिक आहे, आणि तिथंच सध्याची सेव्ह केलेली सेटिंग साइन-इनला वापरायची असं एक बटन आहे, दोन्ही करा. ताईला मी फोनवर हेच करायला लावलं. मग म्हणलं लॅपटॉप बंद करा, भावाच्या पुढ्यात ठेवा, आणि तुम्ही हात मागं घ्या. फोन चालूच होता. बटन दाबल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग डब्यातून बोलल्यासारखा तो आवाज ऐकू आला, आणि त्यामागं पोरानं पासवर्ड टाईप केल्याची टकटक.